नगराध्यक्ष कोणी निवडावा?

डिसेंबर २०२५ मध्ये भोरच्या मतदारांनी नगरसेवकांबरोबरच नगराध्यक्षही थेट निवडला. पुढच्याच महिन्यात, १५ जानेवारी २०२६ रोजी, पुणे महापालिकेचे मतदान झाले. तेथील मतदाराला मात्र महापौर निवडता आला नाही. तो अधिकार नगरसेवकांचा. महापौरपद कोणत्या प्रवर्गाकडे जाणार, याची सोडतसुद्धा मतदान उरकल्यावर आठवड्याने निघाली. भोरमध्ये असेपर्यंत माणसाला नगराचा प्रमुख निवडण्याची अक्कल असते आणि सिंहगड रस्त्यावर बिऱ्हाड केले की ती लोपते, असा शासनाचा समज दिसतो! पानशेत-वरसगावचे पाणी पुण्याला जाते. त्यासाठी जमिनी गेलेल्या गावांना पुण्याच्या महापौरनिवडीत मत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण ते पाणी पिणाऱ्या पुणेकरालाही नसावे?

भोरकरांनीही फार हुरळून जाऊ नये. २००१ मध्ये नगराध्यक्षाची थेट निवड आली, २००६ मध्ये गेली. २०१६ मध्ये परतली, २०२० मध्ये पुन्हा गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. वेल्हे तालुक्यातील, म्हणजे आता सरकारदरबारी राजगड तालुक्यातील, खेड्यांच्या सरपंचांचेही २०१७ पासून तेच झाले.  सत्तेवर येणारा प्रत्येक पक्ष आपल्या सोयीने नियम फिरवतो, आणि त्याला लोकशाहीचे नाव देतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असले की कामे अडतात, हा आक्षेप खोटा नाही. परंतु अप्रत्यक्ष निवडीच्या तोंडावर नगरसेवकांना गाड्यांत घालून दूरच्या हॉटेलात नेऊन ठेवण्याचे प्रकार महाराष्ट्राने काय थोडे पाहिले? अडलेले काम चव्हाट्यावर तरी येते. बंद खोलीत ठरलेला सौदा नागरिकाला कधीच कळत नाही. म्हणून आम्ही थेट निवडीच्या बाजूचे आहोत, आणि महापालिकांनाही तीच लागू व्हावी असे म्हणतो.

पद्धत बदलावयाचीच असेल, तर विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात तसे लिहावे. सत्ता मिळाल्यावर मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत आमचा हक्क काढून घेऊ नये. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांची मते संख्येने थोडी असतील, तरी मते मागावयास येणारा दारात उभा राहतोच. त्याला रस्ता, गटार, पाणी विचाराच. त्याबरोबर हेही विचारा, की पुढचा नगराध्यक्ष आम्ही निवडणार की तुम्ही?