नियम कोणाला बांधतो?

जुने ख्रिस्ती मठ नियमांनी जखडलेले आणि नवे समुदाय मोकळे, असे सरसकट म्हटले जाते. ते खरे नाही. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टचा ७३ प्रकरणांचा नियम मठाधिपतीलाही बांधतो. अंतिम निर्णय त्याचा. पण महत्त्वाच्या प्रश्नावर धाकट्या बंधूंचेही मत त्याने ऐकलेच पाहिजे, असे तिसरे प्रकरण बजावते. इटलीतील बोझे येथे एन्झो बियान्की यांनी १९६५ मध्ये स्त्री-पुरुषांचा, विविध चर्चपंथीयांचा समुदाय उभारला. नियम तेथेही होता. तरी त्यांनी २०१७ मध्ये प्रमुखपद सोडल्यावरही संस्थापकाच्या अधिकाराचा प्रश्न सुटला नाही; २०२० मध्ये व्हॅटिकनने त्यांना समुदायाबाहेर राहण्यास सांगितले. म्हणून नव्या प्रयोगांच्या मोकळेपणाचे गोडवे गाण्याआधी विचारावे : येथील नियम संस्थापकालाही लागू आहे काय?