लाडवाला फाशी, पुडक्याला माफी

‘कार्टून बघूनच पोरं बिघडली. भीमला लाडू, मोटूला समोसे, डोरेमॉनला डोराकेक. मग घरची भाकरी-भाजी घशाखाली कशी उतरणार?’ आमच्या मोहन्यात चार पालक एकत्र जमले की हे ऐकू येतं. तक्रार रास्त आहे, पण पकडलेला आरोपी भलताच आहे.

खादाडी हा गुन्हा असेल, तर आधी आपल्याच गोष्टींवर खटला भरावा लागेल. भोपळ्यातली म्हातारी वाघाला सांगते काय, तर लेकीकडे तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा! महाभारतातला भीम बकासुरासाठी निघालेलं गाडाभर अन्न स्वतःच फस्त करतो. या गोष्टी ऐकून कुणाच्या पिढ्या बिघडल्या नाहीत. खाणं हा मुलांच्या विनोदाचा हक्काचा विषय आहे. शिनचॅन ढोबळी मिरची बघून तोंड वाकडं करतो तेव्हा मुलं हसतात, कारण त्यात त्यांना आपलंच तोंड दिसतं.

शिवाय पडद्यावरचा लाडू बेवारस नसतो. 2008 साली पोगोवर आलेल्या ‘छोटा भीम’मध्ये लाडू वळणारी टुनटुन मौसी आहे, चोरून खाल्ले तर गाठ तिच्याशी असते. लाडवाने अंगात बळ संचारतं, एवढी थाप मात्र मला मान्य नाही. पण ती थाप दुधात घालायच्या पावडरींनी वर्षानुवर्षं मारलीच की. त्यांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं ऑनलाइन दुकानांना बजावायला केंद्र सरकारला एप्रिल 2024 उजाडलं.

दुसरा युक्तिवाद जास्त साळसूद आहे: ‘रिमोट आईबापांच्या हातात आहे ना?’ ज्या घरातली दोघंही सकाळी आंबिवलीहून लोकल पकडतात, त्या घरात संध्याकाळपर्यंत रिमोट कुणाच्या हातात असतो? आणि रिमोट टीव्ही बंद करतो. किराणा दुकानाच्या दारातली पुडक्यांची माळ त्याने उतरत नाही. पाच रुपयांचं नाणं घेऊन आलेलं पोर मागच्या बाजूची बारीक इंग्रजी अक्षरं वाचत नाही. मीठ किती, साखर किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते पुढचा ओळखीचा चेहरा बघतं आणि बोट दाखवतं. त्या चेहऱ्याशी मैत्री पडद्यावर जमलेली असते. तिची वसुली दुकानात होते.

खरी मेख इथे आहे. जून 2022च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेफर्स, शीतपेयं अशा जंक फूडच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात किंवा मुलांच्या चॅनेलवर दाखवता येत नाहीत. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत असे पदार्थ विकायलाही मनाई आहे. म्हणजे जाहिरात अडवली, फाटक अडवलं आणि पुडक्यावरचं कार्टून मोकळं सोडलं. चिलीने 2016 साली तेच पकडलं: साखर, मीठ, चरबी ठरावीक मर्यादेपलीकडे असलेल्या पदार्थांच्या वेष्टनांवरून कार्टून हद्दपार केली. तिथल्या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावरून टोनी नावाच्या कार्टून वाघाला जावं लागलं. आपल्याकडेही हाच नियम हवा.

दुसरी मागणी कार्यक्रम करणाऱ्यांकडे. भीमचे लाडू काढून त्याच्या हाती पालकाची जुडी देऊ नका. उपदेश मुलांना दुरूनच कळतो. त्याऐवजी भीमचं ढोलकपूर, मोटूचं फुरफुरीनगर आणि डोरेमॉनचं जपान यांच्या जोडीला आमचंही ताट पडद्यावर येऊ द्या. आगरी घरातली तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांचं कालवण, ते करणारी आजी आणि त्यावरून होणारी भावंडांची मारामारीसुद्धा. जे पदार्थ गोष्टीत कधी येतच नाहीत, ते मुलांना कमी प्रतीचे वाटले तर दोष मुलांचा नाही.

तेव्हा लाडवाला खुशाल सोडा. टुनटुन मौसी निदान चोराला जाब तरी विचारते. मुलांच्या लाडक्या चेहऱ्यावर मीठ-साखर विकणाऱ्याला आपण अजून काहीच विचारलेलं नाही.