चोरट्या प्रतीची साक्ष (थ्रेड)

१/ ओटीटीपूर्व काळातील पायरेटेड चित्रपटांचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक बालपणीच्या गोडव्याचा, दुसरा ‘ती निव्वळ चोरी होती’ असा. इतिहासाच्या अभ्यासाला दोन्ही अपुरे आहेत.

२/ चोरी होती, हे निर्विवाद. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच सुमारास व्हीसीआरचे पेव फुटले. १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त होऊन किमान सहा महिने कैद व पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आली. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’चे व्हिडिओ हक्क राजश्रीने रोखून धरले. निर्मात्यांची भीती खोटी नव्हती.

३/ पण चोरीचा माल पुरावा ठरू शकत नाही, हे कोणी ठरवले? फ्लीट यांनी कित्येक ताम्रपट बनावट ठरवले. म्हणून ते कोणी वितळवले नाहीत. खोटा ताम्रपट कोणी, कोणत्या जमिनीच्या लोभाने कोरला, हे तोच सांगतो.

४/ आता ‘कॅमेरा प्रिंट’ घ्या. चित्रपटगृहात लपवून नेलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली ती प्रत. तिरकी चौकट, मध्येच उठून जाणाऱ्याची काळी सावली. रसिकांनी नाक मुरडलेल्या याच प्रतीत नायकाच्या प्रवेशाची शिट्टी आहे, विनोदावर उसळलेले हसू आहे, कंटाळलेल्यांची कुजबुज आहे. मूळ प्रतीत यातले काहीही नाही. मूळ प्रत चित्रपट जपते. चोरटी प्रत चित्रपट पाहणारी माणसे जपते. प्रेक्षकांचा इतिहास लिहायचा तर यापेक्षा थेट साधन कोणते?

५/ यंत्रमागांच्या मालेगावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत. चित्रपट दाखवता दाखवताच ते चित्रपट करायला शिकले आणि ‘मालेगाव के शोले’ उभा राहिला. त्यांच्यावरचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आज वर्गणी भरून पाहिला जातो, वाखाणलाही जातो. वाखाणणाऱ्यांपैकीच अनेकांना व्हिडिओ पार्लर हा शब्द मात्र ओशाळवाणा वाटतो. फळ गोड आणि झाड नकोसे, असा हा प्रकार.

६/ ‘अधिकृत प्रती आहेत ना, मग चिंता कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी ‘आलम आरा’ची प्रत शोधून दाखवावी. १९३१ चा आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. अधिकृतपणा म्हणजे चिरंजीवित्व नव्हे. (ओटीटीवरून एखादा चित्रपट काढला गेला, तर वर्गणीदाराच्या हाती उरते काय, हाही विचार करावा.)

७/ चुंबकीय फितीला दमट हवेत बुरशी लागते. ती वाचणारे यंत्रही आता दुर्मीळ. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, आणि ते करणारी ती जगातली शेवटची मोठी कंपनी होती. माळ्यावरच्या त्या खोक्यातल्या कॅसेटी यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जातील. त्याआधी निदान त्यांवरची हाताने लिहिलेली चिठ्ठी वाचावी, एक छायाचित्र घ्यावे आणि दुकानाचा शिक्का असल्यास गावाचे नाव टिपून ठेवावे.