अज्ञाताचें भय

जोखीम व संदिग्धता हीं एक नव्हेत. हजार घरांपैकीं किती जळतील, याचा हिशेब विमा कंपनीस पूर्वानुभवावरून मांडतां येतो, ती जोखीम. हें प्रमाणच अज्ञात असलें म्हणजे संदिग्धता. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९२१ सालीं हा भेद दाखविला.

मार्च २०२० मध्यें महामारी पसरतांच अमेरिकेंतील फोर्ड मोटर कंपनीनें बँकांनीं आधींच मंजूर केलेलें १५.४ अब्ज डॉलर कर्ज उचललें व लाभांश बंद केला. व्याज भरून रोकड तिजोरींत ठेवणें हा आम्हांस भित्रेपणा वाटत नाहीं. कारखाने कधीं उघडतील, हें सांगण्यास पूर्वानुभवच नव्हता. मात्र लाभांशावर ज्यांचें औषधपाणी चालें, अशा वृद्ध भागधारकांस ही सावधगिरी महाग पडली असेल. लाभांश पुन्हां सुरू झाला तो २०२१ च्या अखेरीस.