ऑपरेशन एका दिवसाचे, ताट रोजचे



गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली निम्मी पत्रे घरसंसाराविषयी नाहीत, माझ्या अंगाविषयी आहेत. नेरळच्या एका भगिनीने विचारले आहे, "ताई, पोटातली चरबी कापून काढली का? किती किलो निघाली?" खोपोलीहून एकीने लिहिले आहे, "ते श्रीमंतांचे चोचले असतात ना?" जयंतीच्या कार्यक्रमात मला पाहून कित्येकींनी ओळखलेच नाही, तर काहींनी ओळखून मोठ्या आजाराची शंका घेतली. प्रत्येकीला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सांगते.

माझी उंची ५ फूट १ इंच. २०२२ च्या नोव्हेंबरात वजन ११२ किलो होते. नऊ वर्षांचा मधुमेह, त्यातली शेवटची तीन वर्षे इन्सुलिन. गुडघे असे की जिल्हा परिषद शाळेतल्या पोषण आहाराचे पातेले चुलीवरून उतरवायला शेजारणीला बोलवावे लागे. लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा देण्याची रीत आपणां सर्वांना ठाऊक आहे. मला ती चौथी जागा कोणी देत नसे. कर्जतहून मुंबईला दोन तासांवर लागतात, ते उभ्याने जायचे.

"कमी खा" हे मला सगळ्यांनी सांगितले. डॉक्टरांनी, जावेने, बाजारातल्या भाजीवालीनेसुद्धा. मी कमी खाल्लेही. दोनदा १२-१३ किलो उतरले आणि दोन्ही वेळा वर्षभरात व्याजासकट परत आले. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी समजावले की शरीर एकदा त्या वजनाला सरावले की तेच वजन राखायला धडपडते, भूक वाढवते आणि खर्च कमी करते. हा आळस नव्हे, आजार आहे. एवढे वाक्य ऐकण्यासाठी मला ४४ वर्षे थांबावे लागले.

आता पहिल्या पत्राचे उत्तर. या ऑपरेशनात चरबी काढत नाहीत. माझे जे झाले त्याला स्लीव्ह म्हणतात. दुर्बिणीतून, पोटावर पाच लहान छिद्रे पाडून, जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. त्यात साधारण वाटीभर अन्न मावते. शिवाय भुकेची जाणीव देणारा घ्रेलिन नावाचा स्राव मुख्यतः जठराच्या त्या काढलेल्या भागात तयार होतो, म्हणून भूकही मंदावते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. कोणाला कोणता प्रकार योग्य, हे डॉक्टर तपासण्या करून ठरवतात. शेजारणीने केला म्हणून तोच आपण मागू नये.

घरात सर्वांत आधी भीती शिरली. सासूबाईंनी टीव्हीवर इमान अहमदची बातमी पाहिली होती. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाची ही बाई, वजन ५०० किलोच्या आसपास सांगितले गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले आणि मार्चमध्ये तिचे स्लीव्हचे ऑपरेशन झाले. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये ती तिथे वारली. "ती गेली, तू पण जाशील," एवढेच सासूबाई म्हणत. पण इमान कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेली होती, तिला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, हृदय आणि मूत्रपिंडे थकली होती. उलट बाजूला आपल्या वसईच्या अमिता राजानी. त्यांचे वजन ३०० किलोवर गेले होते. २०१५ पासून दोन ऑपरेशने होऊन चार वर्षांत ते ८६ किलोवर आले. नितीन गडकरी यांनीही २०११ साली मुंबईत हे ऑपरेशन करून घेतले होते. दोन्ही टोके घरात मांडली. धोका नाही असे कोणी म्हणाले नाही. टाके गळू शकतात, रक्तस्राव होऊ शकतो, पायात गुठळी होऊ शकते. पण माझ्या मधुमेहाचा धोकाही काही कमी नव्हता. माझी आई त्याच आजाराने डोळे गमावून गेली.

पैशाचे म्हणाल तर बिल सव्वातीन लाख झाले. यजमान खोपोलीच्या कारखान्यात कायम कामगार, त्यामुळे कंपनीचा आरोग्य विमा होता. विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकणे असा गंभीर त्रास असेल, आणि साधे उपाय करून झाले असतील, तर वजनाचे ऑपरेशन आहे एवढ्याच कारणावर दावा नाकारता येत नाही. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. माझा ४६ च्या वर आला. तरी पॉलिसीच्या मर्यादेमुळे विम्याने दोनच लाख दिले, बाकीचे भविष्य निर्वाह निधीतून काढले. पॉलिसीत सुरुवातीच्या वर्षांची प्रतीक्षा असते, तीही आधी वाचावी. विमा नसलेल्या भगिनींनी खासगी दवाखान्याच्या जाहिरातीला भुलून कर्ज काढू नये. मुंबईच्या सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया विभागात आधी चौकशी करावी, जे. जे. रुग्णालयातही ही ऑपरेशने झालेली आहेत.

ऑपरेशनआधी दोन आठवडे जवळजवळ पातळ आहारावर ठेवतात. त्याने यकृताची सूज उतरते आणि डॉक्टरांना आत काम करायला जागा मिळते. मिश्री आणि तंबाखू त्याआधीच बंद. आमच्या आळीतल्या दोघींनी तेवढे ऐकूनच ऑपरेशनचा विचार सोडून दिला! ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच मला चालवले आणि चौथ्या दिवशी घरी सोडले. पहिले काही दिवस औषधाच्या बाटलीच्या टोपणाने घोट घोट पाणी. दोन आठवडे निवळ पातळ, पुढे दोन आठवडे घोटलेले, मग मऊ भात-वरण, अंडे.

खरी कसोटी यानंतर सुरू झाली, आणि ती पोटाची नव्हती. आपल्याकडे माणसाचा मान ताटावरून होतो. ज्यांच्या आजी-पणज्यांना दुसऱ्याच्या दारातले शिळे खावे लागले, त्या घरांत पाहुण्याला पोटभर वाढणे ही साधी गोष्ट नाही. नणंदेच्या मुलीच्या हळदीला मी दोन घास घेऊन ताट सरकवले, तर नणंद सर्वांसमोर म्हणाली, "काय गो वहिनी, आमचा भात गोड लागला नाय का?" मी समजावत बसले. तिने ऐकले नाही, दोन महिने बोललीही नाही. जास्तीचा एक घास घेतला तर छातीत दगड अडकल्यासारखे होते आणि उलटी होते, हे समोरच्याला दिसत नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. संयुत्त निकायात कोसलच्या प्रसेनजित राजाची कथा आहे. राजा द्रोणभर भात जेवायचा आणि धापा टाकत भगवंतांकडे यायचा. भगवंतांनी जेवणात मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली, रोज जेवताना म्हणायला सांगितली आणि त्यासाठी रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजा एका नाळी भातावर आला आणि अंगाने हलका झाला. गाथेची थोरवी आपण जाणतोच. मला मात्र त्या तरुणाचे फार वाटते. एवढ्या मोठ्या राजालाही ताटाशेजारी बसणारे कोणीतरी लागले.

माझ्या ताटाशेजारी माझा धाकटा बसला, तेव्हा तो नववीत होता. "आई, वीस मिनिटं झाली नाहीत, हळू," "आई, पाणी आत्ता नको, अर्ध्या तासाने." आधी प्रथिने, मग भाजी, भात किंवा भाकरी शेवटी, हा क्रम त्याने कागदावर लिहून चुलीमागच्या भिंतीला चिकटवला. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात, म्हणजे हिशेब सोपा नाही. अंडी, मासे, सुकट, दही, मसूर, सोयाबीन, यांतूनच ते भागवते. महागडे डबे पहिले तीन महिने घेतले, नंतर जमेना. यजमानांनीही रात्रीचा भात निम्म्यावर आणला. कर्जत स्टेशनचा वडा मात्र त्यांच्याकडून सुटलेला नाही, आणि तो मी सोडवायलाही जाणार नाही.

कोणी सांगत नाही ते आता ऐका. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले, वर्षभरात परत आले. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, ती व्यायामाने जात नाही. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. ब-१२ कमी पडले तर हातापायांना मुंग्या येतात, नसा खराब होतात. अंग दुखले म्हणून दुकानातून कोणतीही वेदनाशामक गोळी आणून घ्यायची नाही, जठराला व्रण पडतो. पुरुष रुग्णांनी विशेष लक्षात घ्यावे, या ऑपरेशननंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते. ज्यांना सवय आहे त्यांनी ती आधी सोडावी.

दीड वर्षात माझे वजन ७८ वर आले, आज ८१ आहे. थोडे परत येते, डॉक्टरांनी ते आधीच सांगितले होते. इन्सुलिन बंद आहे, एक गोळी चालू आहे. मधुमेह गेला असे मी म्हणत नाही, दर सहा महिन्यांनी रक्त तपासते. पातेले मीच उतरवते.

खालापूरहून एका मातेचे पत्र आले आहे. मुलगी २२ वर्षांची, वजन ८८ किलो, स्थळे परत जातात. लग्नाआधी ऑपरेशन उरकून घ्यावे का, असे त्या विचारतात. आई, मुलीची उंची, तिची साखर, रक्तदाब, पाळीचा त्रास यांतले काहीही तुम्ही लिहिलेले नाही, फक्त स्थळे लिहिली आहेत. ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू द्यायचा नसतो, तेव्हा लग्नाची घाई हे कारण तर मुळीच चालणार नाही. थायरॉईड आणि साखर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी तपासून घ्या. आणि पुढचे पत्र मुलीला स्वतःच्या हाताने लिहू द्या. तिला काय वाटते ते मला कळले म्हणजे मी तिलाच उत्तर देईन.