कामाची गोष्ट : जाम झालेले इंजिन

सटाण्यात आमच्या ओळखीच्या एका घरी गोठ्याशेजारी १९७२ सालची फियाट उभी आहे. थोरले काका मुंबईत टॅक्सी चालवीत. गावी परतताना त्यांनी ही खाजगी गाडी जुन्यात घेतली. ते गेल्यावर सहा पावसाळे ती हलली नाही. परवा मुलांनी चावी फिरवली तर नुसता 'टक्' असा आवाज. भंगारवाला भाव सांगून गेला. काकूंनी त्याला चहाही विचारला नाही.

मुलांचा बेत असा, की ट्रॅक्टरला दोर बांधून, गियर टाकून गाडी ओढायची. मी आडवा आलो. हीच चूक उमेदवारीच्या काळात मी एका जीपवर केली होती. इंजिन फिरले खरे, पण रिंगा तुटून सिलिंडरला चरे पडले आणि माझा महिन्याचा पगार गेला.

वाचकहो, इंजिन बंद पडते तेव्हा चारपैकी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. तिथून दमट हवा आत शिरते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, पण रिंगा आणि सिलिंडर बिडाचे. त्यांना गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून केसाएवढी फटही बुजते.

आधी बॅटरीची वायर काढली. मग चारही प्लग काढून भोकांतून डिझेल आणि थोडे इंजिन ऑइल ओतले. नंतर वाट पाहायची, हेच खरे काम. रोज सकाळी पातळी पाहायची, कमी झाली की भर घालायची. चौथ्या दिवसापासून गाडी टॉप गियरला टाकून हातांनी हलकेच पुढे-मागे रेटू लागलो. जोर नाही, फक्त झोका. आणि शेडमध्ये विडी-काडी अजिबात नाही! थोरल्या मुलाला हे दोनदा सांगावे लागले.

हट्टी नटाचेही असेच. आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा. नटाला शेक दिला की तो फुगतो आणि पकड सुटते. मात्र डिझेल-पेट्रोलजवळ शेगडी नेऊ नये. फियाटचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. ते चिकटले म्हणून फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटले, तर बसण्याची जागा खरवडून हेड कायमचे गळके होते.

नवव्या दिवशी चाक बोटभर सरकले. धाकटा ओरडला, "काकू, हलली!" लगेच स्टार्टर मारायचा नाही, हे मी आधीच बजावले होते. चेंबरमध्ये झिरपलेले डिझेल ऑइल पातळ करते. ते सगळे काढून नवे भरावे लागते.

धाकट्याला आता त्यात सीटा भरायच्या आहेत. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ साली विंटेज नोंदणीचे नियम आले, पण तशी नोंदलेली गाडी भाड्याने चालवता येत नाही, हे त्याला सांगितले आहे. कार्बोरेटर अजून खोलायचा आहे. काकूंनी त्यासाठी जुने पातेले काढून दिले.