गुडघा म्हणजे टायर नव्हे

गेल्या महिन्यात साताऱ्यात एका आरोग्यविषयक व्याख्यानात वक्त्यांनी धावण्यावर सरसकट फुली मारली. गुडघा गाडीच्या टायरसारखा, जितके किलोमीटर पळाल तितका झिजणार. मॅरेथॉनचा पहिला धावपटू पोचताच मेला. चाळिशीनंतर चालावं, पळू नये. झालं, टाळ्या पडल्या. मधुमेह आहे म्हणून दीड वर्ष माझ्याबरोबर सावकाश पळणाऱ्या शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर टाकले. मला राग आला आहे तो माळ्यावर गेलेल्या त्या बुटांमुळे.

टायर निर्जीव असतो, झिजलेलं रबर पुन्हा भरून येत नाही. गुडघ्यातली कूर्चा जिवंत आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण होतं सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. पाण्यात स्पंज दाबून सोडावा, तसा हा द्रव दाब पडला-सुटला की तिच्यात खेळतो. ज्या दाबाला वक्ते झीज म्हणतात, त्यातूनच तिला अन्न पोचतं. महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवलेला पाय बाहेर काढल्यावर कसा दिसतो, ते ज्याने पाहिलं आहे त्याला विश्रांतीने अवयव टिकतो हे पटणार नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली मांडलेल्या आकड्यांत हौशी धावकांपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात आढळला, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के, हा आकडा मी लपवत नाही, पण व्याख्यानाला बसलेल्या काकू काही ऑलिंपिकला निघाल्या नव्हत्या. कुणी म्हणेल, दुखऱ्या गुडघ्याची माणसं मुळात पळतच नाहीत, म्हणून आकडे असे दिसतात. थोडं खरं असेलही. तरी टायरचा हिशेब बरोबर असता, तर हौशी धावकांचे गुडघे बैठ्या लोकांच्या आधी जायला हवे होते.

मॅरेथॉनच्या त्या पहिल्या धावपटूच्या, म्हणजे ग्रीक दूताच्या, मृत्यूचा उल्लेख इतिहासकार हिरोडोटसकडे नाही; ती गोष्ट काही शतकांनंतरची. हृदयाचं म्हणाल, तर अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांत ५९ जणांचं हृदय बंद पडलं.

‘झेपणार नाही’ हे पूर्वी बायकांना सांगत. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावून काही जणी दमल्या, तेवढ्यावरून ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याची मुलगी २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बायकांना ‘झेपणार नाही’ सांगणारे ते काळजीवाहू आज चाळिशी ओलांडलेल्यांना धरून बसले आहेत.

धावण्याने दुखापत होते, पण बहुतेकदा घाईने. मीही पाच किलोमीटरवरून तीन आठवड्यांत पंधरावर गेले आणि नडगी धरून दोन महिने बसले. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मागून येतात. त्यांची वाट पाहावी लागते. बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं, अंतर थोडं थोडं वाढवायचं, मधे विश्रांतीचा दिवस ठेवायचा. मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचं. काकूंनी ते दीड वर्षापूर्वीच केलं होतं.

उद्या साडेपाचला मी त्यांच्या दारात उभी राहणार आहे. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, पुन्हा पहिल्यापासून. बूट मीच माळ्यावरून काढून देईन.